संगणकाच्या पडद्याची गुप्तता आणि अक्षरांची घडण

कार्यालयीन कागदपत्रांची गुप्तता म्हटली की कुलूपबंद कपाट, लाखेची मोहोर आणि दुहेरी लिफाफा या गोष्टी डोळ्यांसमोर येतात. संगणक आल्यानंतर त्यात संकेतशब्दाची भर पडली. कागद कपाटात आहे, संगणकाला संकेतशब्द आहे आणि खोलीचे दार बंद आहे, एवढे झाले म्हणजे मजकूर सुरक्षित झाला, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु भिंतींनाही कान असतात ही आपल्याकडील जुनी म्हण संगणकाच्या बाबतीत जवळजवळ अक्षरशः खरी ठरली आहे. पडद्यावर उमटणारे प्रत्येक अक्षर प्रकाशाबरोबरच अदृश्य विद्युत्‌चुंबकीय लहरीही बाहेर सोडते. या लहरी लाकडी दारातून आणि विटांच्या भिंतीतून पलीकडे जातात व योग्य साधन असल्यास त्यांवरून पडद्यावरील मजकूर पुन्हा उभा करता येतो. या गळतीचे स्वरूप काय, आणि केवळ अक्षराच्या घडणीत बदल करून तिला कितपत आळा घालता येतो, याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हा प्रश्न केवळ राजधानीतील मंत्रालयांचा किंवा लष्करी ठाण्यांचा नाही. मध्य प्रदेशातील पांढुर्णा जिल्ह्यात, सौंसर तालुक्यात, नागपूर–छिंदवाडा मार्गावर लोधीखेडा हे गाव आहे. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी असा या सीमाभागाचा व्यवहार असला, तरी दोन्ही भाषांची लिपी देवनागरीच आहे. अशा गावात कचेरीची भिंत आणि शेजारच्या दुकानाची भिंत पुष्कळदा एकच असते. आत पडद्यावर एखाद्या कुटुंबाचे शिधापत्रक, एखाद्या विधवेच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज किंवा एखाद्या शेतकऱ्याचे बँक खाते उघडलेले असते. ही माहिती नागरिकाने शासनावर विश्वास टाकून दिलेली असते. ती कोणत्या वाटांनी बाहेर जाऊ शकते, हे जाणून घेणे हा त्या विश्वासाचाच भाग होय.

शोधाची पूर्वपीठिका

या गळतीचा शोध अपघातानेच लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेचे लष्कर आपले संदेश सांकेतिक करण्यासाठी बेल टेलिफोन कंपनीने बनविलेले एक यंत्र दूरमुद्रकाबरोबर वापरीत असे. इ. स. १९४३ मध्ये बेल प्रयोगशाळेतील एका अभियंत्याच्या असे लक्षात आले की, हे यंत्र चालू होताच प्रयोगशाळेच्या दूरच्या भागात असलेल्या आंदोलनदर्शकाच्या पडद्यावर टोकदार रेषा उमटतात. त्या रेषांचा अभ्यास केला असता त्यांवरून मूळ संदेशच वाचता आला. लष्करी अधिकाऱ्यांचा यावर विश्वास बसेना. तेव्हा न्यूयॉर्कमधील व्हॅरिक स्ट्रीटवरील संदेशकेंद्रासमोर, रस्त्यापलीकडे सुमारे ८० फुटांवरच्या इमारतीत अभियंत्यांना बसविण्यात आले. त्यांनी सुमारे तासभर लहरी टिपल्या आणि तीन-चार तासांत मूळ मजकुराचा पाऊण भाग अधिकाऱ्यांच्या हाती ठेवला. ही हकीकत अमेरिकी शासनाने २००७ मध्ये खुली केलेल्या कागदपत्रांत नमूद आहे.

बेलच्या अभियंत्यांनी त्याच वेळी तीन उपाय सुचविले होते. पहिला, यंत्राभोवती धातूचे आवरण घालणे. दुसरा, तारांमधून बाहेर पडणारे नको असलेले कंप गाळणीने अडविणे. तिसरा, खऱ्या लहरी झाकल्या जातील असा गोंगाट सोडणे. आवरण, गाळणी आणि झाकण हे तीन उपाय आजही या शास्त्राचा पाया आहेत. अक्षरांच्या घडणीचा उपाय यांपैकी दुसऱ्या प्रकारात मोडतो. ही गाळणी मात्र तारेवर न बसविता थेट अक्षरावरच बसविलेली असते.

संगणकाच्या पडद्यासंबंधीचे पहिले मोठे प्रकट संशोधन १९८५ चे. नेदरलँड्समधील टपाल व तार खात्याच्या प्रयोगशाळेतील विम व्हॅन एक यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. साधा दूरचित्रवाणी संच, एक अँटेना आणि थोडी जोडणी एवढ्यावर दुसऱ्या इमारतीतील पडद्यावरचा मजकूर दिसू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. तोवर ही गोष्ट केवळ गुप्तहेर खात्यांना माहीत असावी आणि तिला लाखोंचा खर्च यावा, अशी समजूत होती. ती या निबंधाने मोडीत निघाली.

पडदा बोलतो कसा?

त्या काळचा पडदा हा किरणनलिकेचा असे. इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर डावीकडून उजवीकडे फिरतो, ओळ संपली की झपाट्याने मागे येतो आणि खालची ओळ घेतो. शेतात नांगर एकाआड एक तास पाडीत जातो, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच, की येथे प्रत्येक तास डावीकडूनच सुरू होते.

या वेगाची कल्पना येण्यासाठी एक हिशेब पाहावा. पुष्कळ वर्षे प्रचारात असलेल्या साध्या पडद्यावर एका ओळीत ६४० बिंदू आणि अशा ४८० ओळी असत. झोताच्या परतीचा वेळ धरला, तर हिशेबात ८०० बिंदू आणि ५२५ ओळी घ्याव्या लागतात. दोहोंचा गुणाकार ४,२०,००० होतो. हे चित्र सेकंदाला ६० वेळा रेखाटले जाते, म्हणजे सेकंदाला सुमारे २ कोटी ५२ लाख बिंदू होतात. एका बिंदूच्या वाट्याला सेकंदाचा अडीच कोटीवा हिस्सा येतो. तेवढ्या अवधीत झोताने पांढऱ्याचा काळा किंवा काळ्याचा पांढरा व्हायचे असते.

विद्युतदाबात इतका आकस्मिक बदल झाला की त्यातून लहरी निर्माण होतात. बदल जितका तीव्र, तितकी लहरींची कंप्रता उच्च असते. सेकंदाला १० कोटी कंप असलेल्या लहरीची लांबी ३ मीटर असते व २० कोटी कंपांच्या लहरीची दीड मीटर. संगणक आणि पडदा यांना जोडणारी तारही साधारण याच लांबीची असते. त्यामुळे कोणाचाही तसा हेतू नसताना ती तार लहान प्रक्षेपक केंद्राचे काम करू लागते. शिवाय एकच चित्र सेकंदाला ६० वेळा रेखाटले जात असल्याने चोरून ऐकणाऱ्याला एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकण्याची संधी मिळते. प्रत्येक वेळचा गोंगाट वेगळा असतो, पण अक्षर तेच राहते. अनेक चित्रांची सरासरी काढली की गोंगाट विरतो व अक्षर वर येते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. लहर बाहेर पडते ती काळेपणामुळे नव्हे, बदलामुळे. झोत काळ्या पट्ट्यावरून सलग जात असताना दाब स्थिर असतो व बाहेर सांगण्यासारखे काही घडत नाही. काळे आणि पांढरे जेथे भेटतात ती कडच बोलते. हे एक तत्त्व समजले की पुढील सर्व विवेचन सोपे होते.

चौकटीच्या कागदावरील प्रयोग

हे तत्त्व कोणत्याही शाळेत चौकटीच्या वहीवर पडताळून पाहता येईल. बारा चौकोन रुंद आणि बारा चौकोन उंच अशी जागा घेऊन तीत ‘प’ हे अक्षर भरावे. पहिली ओळ पूर्ण काळी करावी, ती शिरोरेषा. दुसऱ्यापासून सहाव्या ओळीपर्यंत डावीकडचा लहान दंड दोन चौकोन रुंद भरावा. उजवीकडचा उभा दंड, म्हणजे काना, दुसऱ्यापासून बाराव्या ओळीपर्यंत तसाच दोन चौकोन रुंद भरावा. सातव्या ओळीत या दोहोंना जोडणारी आठ चौकोनांची आडवी रेघ काढावी.

आता झोताप्रमाणे एकेक ओळ डावीकडून उजवीकडे वाचून रंग किती वेळा बदलतो ते मोजावे. शिरोरेषेच्या ओळीत तो दोनच वेळा बदलतो, सुरुवातीला आणि शेवटी. पुढील पाच ओळींत दोन्ही दंड आडवे येत असल्याने प्रत्येकी चार, म्हणजे एकूण २० बदल होतात. सातव्या ओळीत पुन्हा दोनच. उरलेल्या पाच ओळींत एकटा काना असल्याने प्रत्येकी दोन, म्हणजे १० बदल होतात. सर्व मिळून ३४ बदल झाले.

भरलेले चौकोन मोजले तर ते ५० भरतात. त्यांपैकी २० चौकोन दोन आडव्या ओळींतील आहेत. म्हणजे अक्षराची दोन-पंचमांश शाई आडव्या रेघांत आहे. पण ३४ बदलांपैकी त्यांच्या वाट्याला केवळ चार आले, एक-अष्टमांशाहूनही कमी. उरलेले ३० बदल उभ्या दंडांनी केले. यावरून पडद्यावरील अक्षरात आडवी रेघ जवळजवळ मुकी असते आणि उभी रेघ बोलकी असते, असा निष्कर्ष निघतो. चोरून पाहणाऱ्याच्या संचावर आडव्या रेघा पुसल्यासारख्या दिसतात व उभ्या दंडांच्या दोन्ही कडा तेवढ्या उमटतात.

देवनागरीचे वैशिष्ट्य

हा निष्कर्ष देवनागरीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे, कारण रोमन लिपीला शिरोरेषा नाही. देवनागरीत पाच अक्षरी शब्दावर एकच सलग शिरोरेषा असली, तर त्या ओळीत बदल होतात ते दोनच. नागपूरकर भोसल्यांच्या काळात या मुलखाचा कारभार ज्या मोडी लिपीत चाले, तिच्यात तर लेखक आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेत आणि मग तिला अक्षरे टांगीत. तसे पान पडद्यावर आणले, तर शिरोरेषा ओळीच्या प्रारंभी एकदा आणि अखेरीस एकदा एवढेच बोलेल.

मात्र शिरोरेषा मुकी असली तरी तिच्यातील खंड मुका नसतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ या जोड्या ओळखण्याची एक मोठी खूण म्हणजे शिरोरेषा सलग आहे की तुटलेली, ही होय. जेथे ती तुटते तेथे रंग बदलतो आणि जेथे रंग बदलतो तेथे लहर निघते. याशिवाय काना हा मराठी लेखनात पावलोपावली येतो. ग, त, न, प, म, य, ल, व, स अशा अनेक अक्षरांचे अंग उभ्या दंडावरच उभे आहे. त्यामुळे शिरोरेषेने जे झाकले ते काना उघडे करतो, असेच म्हणावे लागेल.

पडद्यावरील देवनागरीचा इतिहासही येथे लक्षात घ्यावा लागेल. आय. आय. टी. कानपूर येथे सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत वाढलेले ‘जिस्ट’ तंत्र हे भारतीय भाषांना संगणकावर आणणाऱ्या प्रारंभीच्या साधनांपैकी एक होय. त्या काळची पडद्यावरील अक्षरे काळ्या-पांढऱ्या बिंदूंनी भरलेली असत, वरच्या प्रयोगातील ‘प’ प्रमाणेच. त्यांची प्रत्येक कड करकरीत होती. पुढे सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी घडविलेला ‘मंगल’ हा टंक विंडोज प्रणालीबरोबर घराघरांत आणि कचेऱ्यांत पोहोचला. आज पडद्यावरील अक्षराच्या कडेला करड्या छटा देऊन ती डोळ्यांना गुळगुळीत दिसतील अशी व्यवस्था सर्रास असते. पण तिचा हेतू सौंदर्याचा आहे, गुप्ततेचा नाही.

सौम्य कडेचा उपाय

केंब्रिज विद्यापीठातील मार्कुस कून आणि रॉस अँडरसन यांनी १९९८ मध्ये याच कडेवर उपाय सुचविला. मनुष्याच्या डोळ्याला अक्षराचा मोठा आकार चांगला कळतो, कडेचा अतिसूक्ष्म तीक्ष्णपणा फारसा जाणवत नाही. चोरून ऐकणाऱ्या संचाचे नेमके उलट असते. त्याला मंद बदल पकडता येत नाहीत, तीव्र बदलच लाभतात. म्हणजे डोळ्याला ज्याची फारशी गरज नाही, नेमके तेच चोराला हवे असते. कून आणि अँडरसन यांनी अक्षराच्या आडव्या दिशेतील कंप्रतांपैकी सर्वांत वरचा ३० टक्के भाग गणिताने गाळून टाकला. संगणकासमोर बसलेल्या माणसाला अक्षरे किंचित मऊ झाल्यासारखी दिसली, पण वाचनात अडचण आली नाही. लहरी टिपणाऱ्या संचावरून मात्र मजकूर नाहीसा झाला. पुढे पी. जी. पी. या प्रसिद्ध कूटलेखन प्रणालीत गुप्त मजकूर वाचण्यासाठी असा टंक समाविष्ट करण्यात आला.

याचा स्थूल हिशेब पुन्हा चौकटीच्या वहीवर करता येईल. पांढऱ्याला शून्य व काळ्याला १०० मानावे. करकरीत कडेत एकाच पावलात १०० ची उडी आहे. ही कड तीन पावलांत विभागली, म्हणजे शून्य, ३३, ६७ आणि १०० असे टप्पे पाडले, तर प्रत्येक उडी सुमारे ३३ ची होते. लहरीची ऊर्जा स्थूलमानाने उडीच्या वर्गावर अवलंबून असते. पहिल्या रीतीत वर्ग १०,००० येतो. दुसऱ्या रीतीत तिन्ही उड्यांच्या वर्गांची बेरीज सुमारे ३,३०० भरते. म्हणजे बाहेर जाणारी ऊर्जा तिसऱ्या हिश्श्यावर आली आणि घट मुख्यत्वे उच्च कंप्रतांत झाली, की ज्यांवर चोराची भिस्त असते.

येथे देवनागरीला एक लाभ आहे. ही सौम्यता फक्त आडव्या दिशेत, म्हणजे झोताच्या वाटेवर हवी असते. वर-खाली ती असण्याचे कारण नाही. त्यामुळे शिरोरेषेची वरची आणि खालची कड कोरीवच ठेवता येते. मऊ करावयाचा तो काना, दंड आणि शिरोरेषेतील खंडांची टोके. वाचकाची नजर ज्या रेषेच्या आधाराने ओळीवरून सरकते ती रेषा ठळक राहते आणि चोराचा कान ज्या रेषेकडे लागलेला असतो ती हळू बोलते. देवनागरी टंक घडविणाऱ्यांनी हा मुद्दा विचारात घ्यावा असा आहे.

एका चिन्हाची किंमत

अक्षराची लहानशी खूण किती महागात पडू शकते, याचे उदाहरण नेदरलँड्सच्या निवडणुकीत घडले. तेथे मतदानासाठी पडदा असलेली यंत्रे वापरली जात. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये काही नागरिकांच्या गटाने नेडॅप कंपनीच्या यंत्राची तपासणी करून एक गोष्ट उघड केली. एका मोठ्या पक्षाच्या नावातील ‘अपेल’ या शब्दात ‘ए’ या स्वरावर आघाताचे चिन्ह होते. हे चिन्ह दाखविण्यासाठी यंत्राचा पडदा वेगळ्या पद्धतीने चाले व त्यामुळे बाहेर पडणाऱ्या लहरीही वेगळ्या होत. मतदाराने तो पक्ष निवडला की नाही, हे सुमारे २५ मीटरपर्यंत साध्या ग्राहक संचावर ओळखता येत होते. मराठीत एखाद्या अनुस्वारामुळे किंवा रफारामुळे मतदाराचे मत उघडे पडावे, तसा हा प्रकार होता. त्यावर योजलेला तात्पुरता उपाय अक्षराचाच होता, तो म्हणजे चिन्ह गाळण्याचा. याच महिन्यात दुसऱ्या एका कंपनीच्या यंत्रांची मान्यता लहरींच्या गळतीमुळे काढून घेण्यात आली आणि ॲमस्टरडॅमसह अनेक नगरपालिकांना ती बाजूस ठेवावी लागली. पुढे त्या देशाने मतदानासाठी पुन्हा कागद आणि पेन्सिल जवळ केली.

भारतातील मतदान यंत्राची रचना निराळी आहे. उमेदवारांची नावे मतदान पत्रिकेवर छापलेली असतात आणि त्यांच्याजवळ कळ व दिवा असतो. नावे पडद्यावर उमटत नसल्याने अक्षरामुळे मत फुटण्याचा हा विशिष्ट धोका येथे उद्भवत नाही. तथापि १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाने मतदानाच्या गुप्ततेला जे संरक्षण दिले आहे, त्याचा अर्थ यंत्रयुगात किती बारकाईने लावावा लागतो, हे या उदाहरणावरून कळते.

उपायाच्या मर्यादा

सौम्य अक्षर हे रामबाण औषध नव्हे. ते मूलतः किरणनलिकेच्या पडद्यासाठी सुचविले गेले होते. आज सपाट पडद्यांचा सार्वत्रिक वापर आहे. त्यांत झोत फिरत नाही, पण संगणकापासून पडद्यापर्यंत चित्र तारेतून बिंदूमागून बिंदू असेच जाते. कून यांनी २००४ मध्ये सपाट पडद्यांची गळतीही दाखवून दिली. मध्ये भिंती असताना १० मीटरवरून मजकूर वाचता येत होता. या तारांमध्ये रंग शून्य व एक या अंकांच्या संकेतांत जात असल्याने करड्या छटांचा उतार तेथे तसाच उतरेल याची हमी नसते. अशा ठिकाणी अक्षराच्या व पार्श्वभूमीच्या रंगांची जोडी विचारपूर्वक निवडणे आणि रंगांच्या कमी महत्त्वाच्या अंकांत यादृच्छिक बदल मिसळणे, हे उपाय त्यांनी सुचविले. डोळ्याला हा बदल कळत नाही, पण चोराच्या संचावर गोंगाट माजतो.

२०२४ मध्ये उरुग्वेतील संशोधकांनी तारेतून गळणाऱ्या लहरींवरून मिळणारे अस्पष्ट चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बरेच सुवाच्य करता येते, हे दाखविले. चोराचे साधन जसे सुधारते, तशी संरक्षणाची पातळीही वाढवावी लागते. म्हणूनच अतिगोपनीय कामासाठी धातूचे आवरण असलेली यंत्रे, गाळणी बसविलेल्या वीजतारा आणि भोवतालच्या जागेवर नियंत्रण यांना पर्याय नाही. नाटो संघटनेच्या मानकांत, चोर १ मीटरवर, २० मीटरवर किंवा १०० मीटरवर असू शकतो असे गृहीत धरून यंत्रांच्या तीन पातळ्या ठरविल्या आहेत. अंतर हेही एक आवरणच आहे, हा त्यामागील विचार होय.

सामान्य कार्यालयाने घ्यावयाचा बोध

लोधीखेड्यासारख्या गावातील कार्यालयाला धातूची खोली परवडणार नाही आणि तिची आवश्यकताही नाही. तेथे पहिला धोका लहरींचा नसून उघड्या पडद्याचा आणि सांगोवांगी झालेल्या संकेतशब्दाचा असतो. तथापि काही गोष्टी विनाखर्च करता येतात. नागरिकांची खाजगी माहिती हाताळणारा संगणक सामाईक भिंतीला किंवा रस्त्याकडील खिडकीला लागून न ठेवता खोलीच्या आतल्या बाजूस ठेवावा. पडद्याची तार शक्य तेवढी आखूड आणि धातूच्या जाळीचे वेष्टन असलेली घ्यावी. अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याची सोय बंद असल्यास सुरू करावी. काम संपताच मजकूर पडद्यावरून काढावा, कारण जे चित्र तासभर स्थिर उभे राहते ते सेकंदाला ६० वेळा या हिशेबाने दोन लाखांहून अधिक वेळा बाहेर सांगितले जाते.

पूर्वीचा कारकून पत्र लिहून झाले की ते पालथे घालून ठेवीत असे. ती सवय कोणत्याही नियमपुस्तकातून आलेली नव्हती. दुसऱ्याची गोष्ट आपल्या हाती आहे, ही जाणीव तिच्यामागे होती. कागदाच्या जागी पडदा आला तरी ती जाणीव कालबाह्य झालेली नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. वर वर्णिलेल्या चौकटीत ‘प’ ऐवजी ‘ग’ आणि ‘ट’ ही अक्षरे भरून रंगबदल मोजा. कोणते अक्षर अधिक बोलके ठरते, व का?

२. ‘घन’ आणि ‘धन’ हे शब्द चौकटीत लिहा. शिरोरेषेच्या ओळीत प्रत्येकी किती बदल होतात?

३. झोत डावीकडून उजवीकडे न जाता वरून खाली गेला असता, तर शिरोरेषा व काना यांपैकी कोणाची कड सौम्य करावी लागली असती?